घरचा नमुना

दहिवडीच्या मटणाच्या दुकानात बोकडाचे डोळे मागणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते पीएच.डी. झालेलं होतं. केतकी भोईटे पहिल्यांदा आतून-बाहेरून काळा रंगवलेला डबा घेऊन गेली, तेव्हा अमावास्येला तिठ्यावर लिंबू ठेवणाऱ्या बाईकडे पाहावं तसं दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. ती वरच्या बोगद्यातली आहे हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. बोगद्यातल्या लोकांना कधी काय लागेल याचा नेम नाही, हे तोवर सगळ्या माणदेशाला माहीत झालं होतं.

"नुसतं डोळंच? थोडं मटान बी न्या की ताई," तो म्हणाला.

"आज गुरुवार आहे," केतकी म्हणाली, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून निघाली.

बोगदा म्हणजे दहिवडीच्या वरच्या माळरानावरचं क्ष-किरण लेसरचं केंद्र. सरकारी पाटीवर त्याचं नाव दोन ओळींचं होतं, पण पाटी रंगवणाऱ्याशिवाय ते कुणी पूर्ण वाचलं असेल असं वाटत नाही. जमिनीखाली सरळ रेषेत खोदलेल्या त्या लांबलचक भुयारात इलेक्ट्रॉनांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पिटाळत आणत, आणि शेवटी चुंबकांच्या रांगेतून नागमोडी पळवत. प्रत्येक वळणाला इलेक्ट्रॉन क्ष-किरण सोडत. सगळे एका ठेक्यात आले की त्यांचा लखलखीत झोत बाहेर पडे. तो टिकायचा काही फेम्टोसेकंद. एका सेकंदाचे हजार भाग करायचे, त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार, असं पाच वेळा करत गेलं की चिमटीत जे उरेल, ते एक फेम्टोसेकंद.

एवढी घाई कशासाठी, तर रेणूंनाच घाई असते म्हणून. फिरत्या पंख्याची पाती आपल्याला दिसत नाहीत, नुसती तबकडी दिसते. पण अंधारात वीज चमकली तर ती पाती क्षणभर थबकल्यासारखी दिसतात. रेणूंची हालचाल पाहायची तर तशीच वीज हवी, फक्त कितीतरी चपळ. केतकीच्या गटाला जी हालचाल पाहायची होती, ती म्हणजे खुद्द 'पाहणं'. डोळ्याच्या पडद्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या पोटातल्या खिशात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक चिमुकला रेणू केसातल्या आकड्यासारखा वाकून बसलेला असतो. प्रकाशाचा कण लागला की तो ताडकन सरळ होतो, आणि त्याला लागतात साधारण दोनशे फेम्टोसेकंद. तान्ह्या बाळाने आईचं तोंड पाहिलेलं असो की एसटीच्या ड्रायव्हरने समोरचा खड्डा, सगळं पाहणं या एका सरळ होण्यापासून सुरू होतं.

याचा सिनेमा काढायची रीत अशी. प्रथिनाचे बारीक स्फटिक पाण्याच्या सुताएवढ्या धारेतून सोडायचे. आधी हिरव्या लेसरचा एक ठिपका टाकून रेणूला 'पाहायला' लावायचं, आणि ठरलेल्या फेम्टोसेकंदांनी क्ष-किरणांचा झोत सोडून फोटो घ्यायचा. झोत लागला की स्फटिकाची वाफ होते. आधी फोटो निघतो आणि मग फोटोतला गडी नाहीसा होतो, एवढीच काय ती सोय. असे लाखो फोटो क्रमाने लावले की सिनेमा तयार. हिरवा प्रकाश ज्या क्षणी पोचतो त्याला ही मंडळी शून्यक्षण म्हणत. तो जरा डळमळला की सगळा सिनेमा धूसर.

या कामात केतकीचा जीव अडकला होता तो आप्पांमुळे. तिचे वडील हणमंतराव भोईटे एसटीत ड्रायव्हर होते. चाळिशीच्या सुमाराला त्यांना संध्याकाळी रस्त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, रातांधळेपणा आहे, घराण्यातून आलेला, वाढत जाणारा. त्याच दिवशी आप्पांनी डेपोत जाऊन गाडीची चावी टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, दिवसाची ड्युटी देतो. "मागं चाळीस माणसं बसल्याली असत्यात, सायेब," आप्पा म्हणाले, "त्यास्नी ठावं नसतं, पर मला ठावं हाय न्हवं." पुढे निवृत्तीपर्यंत ते फलटणच्या स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारत राहिले. आता बोगद्याच्या वसाहतीत लेकीजवळ राहत. त्यांना समोर बोटभर उजेड कळे, बाकी काही नाही.

हा आजार आईबापांपैकी एकाला असला की मुलाला येण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, तसं. केतकीची आई गेली तेव्हा आप्पांनी अन्न टाकलं. "ती गेली त्येचं दुक्क हायच," ते म्हणाले, "पर तुझ्या डोळ्यांत म्या काय घालून ठिवलंय, त्यो इचार मला खातोय." त्या दुपारी केतकीने सांगून टाकलं, "आप्पा, मी तपासणी करून घेतली. मला नाही ते." आप्पा उठून बसले. मग म्हणाले, "भाकरी हाय का गं?"

तपासणी तिने केलीच नव्हती. पुढच्या महिन्यात करू असं तिने ठरवलं, आणि मग ती ठरवतच राहिली. मायेपोटी बोललेलं खोटं चटकन खपतं, पण सांभाळावं लागतं ते रोज.

बोगद्यात एक प्रथा होती. कुठल्याही प्रयोगाला तुलनेसाठी निरोगी माणसाचा नमुना लागतो. बाहेरचा माणूस शोधायचा तर समित्या आणि संमत्या यांच्यात वर्ष सरतं. म्हणून गटातल्याच कुणीतरी मुकाट्याने बाही वर करायची. याला ते 'घरचा नमुना' म्हणत. नाही म्हणणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठून जाण्यासारखं दिसे. आप्पांच्या आजारावरचं नवं औषध तपासायचं ठरलं, तेव्हा गटप्रमुख इरफान मुजावर म्हणाले, "केतकी, आप्पांच्या पेशी आपण घेतोच आहोत. त्यांच्या शेजारी ठेवायला तुझ्यासारखा नमुना मिळायचा नाही. बापलेक. बाकी सगळं जुळतं, फक्त तो एक दोष नाही. तुझा रिपोर्ट साफ आहे म्हणाली होतीस ना?"

"हो," केतकी म्हणाली. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. शिवाय तिची पस्तिशी उलटली होती. असायचं असतं तर एव्हाना चाहूल लागली असती, असं तिने मनाशी धरलं होतं. माणसाची जनुकं त्याच्या परवानगीवाचून वाचू नयेत असा कायदा झाला होता, आणि सहकाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर कुणी कागद मागत नसे. कातडीच्या पेशींना डोळ्याच्या पेशी व्हायला शिकवणं आता दुधाला विरजण लावण्याइतकं नेहमीचं झालं होतं. वर्षभर खपून केतकीने दोन्हींतून प्रथिन काढलं, आप्पांचं आणि स्वतःचं. दोन्ही मिळून अंगठ्याएवढ्या नळ्यांत मावलं.

हे प्रथिन उजेड सोसत नाही. म्हणून ते हाताळायचं काम गडद लाल दिव्याच्या खोलीत चाले. तिथे शाईची अक्षरं वाचता येत नसत, म्हणून नळ्यांना दोरे बांधलेले असत आणि दोऱ्यांना गाठी. एक गाठ म्हणजे निरोगी, दोन म्हणजे आजारी, तीन म्हणजे आजारी अधिक औषध. यंत्र लावून घ्यायला वापरत त्या बोकडाच्या नळीला नुसताच दोरा. केतकी या खोलीत सराईत होती. पण अलीकडे टेबलाची कड आधी तिच्या कमरेला लागे आणि मग तिला कळे. एकदा ती समोर उभ्या असलेल्या मुजावर सरांवरच आदळली.

"दिवा कुणी मंद केला का?" तिने विचारलं.

"नाही बुवा. तोच आहे," ते म्हणाले.

झोप कमी पडतेय, असं तिने ठरवून टाकलं. स्वतःची समजूत काढायला पीएच.डी. लागत नाही.

झोत मिळणं म्हणजे लग्नसराईत कार्यालय मिळण्यासारखं होतं. केतकीच्या गटाला एक दिवस मिळाला, तोही सूर्यास्तापर्यंत; मग यंत्र दुसऱ्यांचं. आपला दिवस आहे म्हणून आप्पासुद्धा इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच पाहुण्यांच्या खोलीत येऊन बसले होते.

सुरुवात बोकडाने झाली आणि ती झकास झाली. पडद्यावर तो वाकडा रेणू ताडकन सरळ झाला, इतका स्वच्छ, की मुजावर सर म्हणाले, "या बोकडाला दृष्ट लागायची." मग एका गाठीची नळी लागली. दुपारच्या आत सिनेमा पडद्यावर आला. रेणू सरळ होतोय असंही दिसत होतं आणि अर्धवट उठून डुगडुगतोय असंही. दोन चित्रं एकावर एक छापल्यासारखं सगळं धूसर होतं. मग दोन गाठींची नळी लावली, आप्पांची. तीही अगदी तशीच धूसर.

"शून्यक्षण सरकलाय," मुजावर सर म्हणाले. लेसरवाल्यांनी घड्याळं तपासली आणि ती ठीक असल्याचं सांगितलं. सरांनी पुन्हा तपासायला लावली. मग ते खुर्चीत मागे रेलून बसले.

"दोनच शक्यता आहेत," ते म्हणाले. "एक, यंत्र बिघडलंय. मग ते उघडायचं म्हणजे आजचा दिवस गेला, आणि पुढची पाळी कधी ते देव जाणे. दुसरी, यंत्र बरोबर आहे. म्हणजे निरोगी आणि आजारी यांच्यात फरकच नाही. आजारात खिसा सैल होतो आणि रेणू आत डुगडुगतो, ही आपली सगळी कल्पनाच खोटी. मग खिसा आवळणारं औषध कशाला? कुठल्याही बाजूने पाहा, तिसरी नळी फ्रिजमध्येच राहणार."

केतकीला तिसरी शक्यता दिसत होती. ती खोलीतल्या आणखी कुणाला दिसणं शक्य नव्हतं. या आजारात जनुकाची एक प्रत चांगली असते आणि एक सदोष, त्यामुळे डोळ्यात निम्मं प्रथिन चांगलं बनतं आणि निम्मं डुगडुगणारं. दोन्हींचा सिनेमा एकत्र काढला तर तो असाच दिसणार. तिचा आणि आप्पांचा सिनेमा सारखा होता, कारण दोघांचे डोळे सारखे होते. लाल खोलीतली टेबलाची कड तिला आठवली. फार भीती वाटली तिला. भिंतीपलीकडे आप्पा थर्मासमधला चहा पीत बसले होते, हे तिला न पाहताही माहीत होतं.

गप्प बसणं सोपं होतं. दोष यंत्रावर गेला असता, आणि यंत्राला काय, ते बिचारं तक्रार करत नाही. संध्याकाळी आप्पांनी नेहमीसारखी भाकरी खाल्ली असती. औषध मात्र बासनात गेलं असतं, आणि जगात कुठे कुठे रस्त्याच्या कडा हरवत चाललेल्या माणसांना ते का गेलं हे कधीच कळलं नसतं. मागं चाळीस माणसं बसलेली असतात. त्यांना ठाऊक नसतं.

"सर," ती म्हणाली, "बोकडाचं थोडं उरलंय. वरच्या खणात आहे. ते पुन्हा लावा."

"त्याने काय होईल?"

"यंत्र बिघडलं असेल तर तेही आता धूसर येईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर यंत्र बरोबर आहे आणि माझा नमुना चुकीचा आहे."

"चुकीचा म्हणजे? नळ्यांची अदलाबदल झाली?"

"नाही. नळी माझीच आहे," केतकी म्हणाली. "मी तपासणी कधी केलीच नव्हती, सर. आप्पांना बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा तेच पुढे चालवलं."

मुजावर सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. बोकडाची नळी त्यांनी स्वतः जाऊन आणली. सिनेमा सकाळच्यासारखाच स्वच्छ आला. बोकडाची साक्ष फिरवता येत नाही.

"मला राग आलाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज मात्र रागावलेला नव्हता. "तो मी उद्या काढणार आहे. हा नमुना निरोगी नव्हता, एवढं मला नोंदवावंच लागेल. का, ते तुझ्या परवानगीशिवाय नोंदीत जाणार नाही."

"तेही जाऊ दे. परवानगी आहे."

"मग चल, तिसरी नळी आण. सूर्य आपल्यासाठी थांबायचा नाही."

ती लाल खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. "तुम्ही येता का बरोबर?" तिने विचारलं. "मला आत नीट दिसत नाही, सर. गाठी मोजता येतात, पण नळी कुठे आहे ते दिसत नाही."

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर तिला रडू आलं. मुजावर सरांनी आत जाऊन फ्रिज उघडला आणि एक नळी तिच्या हातात दिली. तिने दोऱ्यावरून बोट फिरवलं. तीन गाठी होत्या.

तिसऱ्या नळीच्या सिनेमाला दिवसाचा उरलेला सगळा झोत लागला. पडद्यावर रेणू सरळ झाला. बोकडाइतका खटक्यात नाही, जरासा अडखळत, पण सगळा. औषधाने सैल खिसा आवळून धरला होता आणि डुगडुगणारी ती दुसरी सावली गेली होती. लेसरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मुजावर सर केतकीजवळ आले.

"मेलेल्या पेशी हे औषध उठवणार नाही. आप्पांना आपण ते पेशी घेतानाच सांगितलं होतं," ते म्हणाले. "ज्यांच्या अजून जिवंत आहेत त्यांच्या ते वाचवू शकेल. माणसांवर तपासून हातात यायला बरीच वर्षं जातील. पण तेवढी वर्षं तुझ्याकडे असावीत, असं मला वाटतं. उद्या डॉक्टरकडे जा. आणि आता तिकडे जा आधी." त्यांनी पाहुण्यांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

आप्पा ताठ बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"झालं का गं?"

"झालं. औषध लागू पडतंय, आप्पा."

"मंग नाक का वढतीयास?"

केतकी त्यांच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. आप्पांचं तोंड दाराकडे होतं, ते तसंच राहिलं.

"म्हंजी तुझी आय गेली तवापास्नं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"म्या शिंगणापूरला अनवाणी पायऱ्या चढून नवस फेडून आलो. दोनदा पडलो, गुडघं फुटलं. पोरीचं डोळं राखलंस म्हून म्हादेवाला शंभर माणसांचं जेवण घातलं. आन् तू तपासलंच न्हवतंस." ते थांबले. "आता त्येला काय सांगू? नवस परत दे म्हणू?"

"चुकलं, आप्पा. मला वाटलं तुम्ही खचाल."

"खचलो असतो की. आठ दिस भाकरीला हात लावला नसता. मंग उठलो असतो. माझं डोळं गेलं तवा उठलोच न्हवं?" त्यांचा आवाज चढला, फलटणचं सगळं स्टँड ऐकेल असा तो आवाज होता. "आन् उठून तुला शिकवाय लागलो असतो. येवढी वर्सं फुकाट घालवलीस तू."

"काय शिकवलं असतं?"

"काय म्हंजी? जिना कसा चढायचा. तांब्या भरत आलाय हे आवाजावनं कसं वळखायचं. चुलीम्होरं हात किती लांब ठेवायचा. समोरचा मानूस कटाळलाय का हसतोय, त्ये त्येच्या श्वासावनं. म्या हे समदं एकला शिकलो, पडून-झडून. कुनी सांगाय न्हवतं. आन् रोज वाटायचं, बरं झालं, ही इद्या माझ्यासंगंच जळंल, माझ्या पोरीला न्हाय लागायची." एवढं बोलून त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. पाहायचं काम त्या डोळ्यांनी केव्हाच सोडलं होतं, हे एक काम अजून करत होते. केतकीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. आप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचा राग गेला नव्हता, पण हात थांबला नाही.

बाहेर माळावर दिवेलागण होत होती. बाहेर कुठे निघालं की केतकी त्यांचा दंड धरून त्यांना न्यायची. आजही तिने सवयीने तो धरला. आप्पांनी दंड सोडवून घेतला.

"असं न्हाय. ह्याला वढनं म्हंत्यात," ते म्हणाले. त्यांनी तिचा पंजा घेऊन आपल्या कोपराच्या जरा वर ठेवला आणि तिचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळवला. "हितं. घट्ट न्हाय धरायचं. आन् अर्धं पाऊल माझ्या मागं. आता डोळं मीट."

"आप्पा, औषध येणार आहे. कदाचित वेळच यायची नाही."

"येऊ दे की. आलं तर सोन्याहून पिवळं. तवर मीट."

तिने डोळे मिटले.

"म्होरं पायऱ्या हायती. म्या थांबलो की थांबायचं. माझा हात खाली गेला की मंग तुझा पाय."

दारातून थंड वारा आत आला. चार पावलं चालून आप्पा थांबले, म्हणून तीही थांबली. मग त्यांचा हात जरासा खाली गेला. केतकीने पाऊल उचललं आणि पायरी जिथे त्यांनी सांगितली होती, तिथेच होती.